‘एकच प्याला’ : एका वैद्याच्या दृष्टीने



राम गणेश गडकरी यांचा जन्म १८८५ साली बडोदे संस्थानातील नवसारी प्रांतात झाला. त्यांच्या निधनानंतर महिन्याभरातच, फेब्रुवारी १९१९ मध्ये, ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यातच केला. तेव्हा या नाटकावर आपला थोडा हक्क आहे. त्याच्या वाङ्मयीन गुणांविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. पण सुधाकर हा रोगी या नात्याने माझ्या परिचयाचा आहे.

सुधाकर बुद्धिमान वकील आहे, दुर्जन नाही. तरीही त्याचा निश्चय का टिकत नाही? मद्य मेंदूची उत्तेजना दाबते. रोज दाब पडू लागला की मेंदू तोल सांभाळण्यासाठी आपली उत्तेजना वाढवून ठेवतो. मग तेवढ्याच पेल्याने काही होत नाही व मात्रा वाढते. अशा माणसाने एकाएकी मद्य थांबविले तर दाब जातो, वाढलेली उत्तेजना मात्र राहते. सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत झटके येतात. पुढे भ्रम होऊन प्राणावरही बेतते. सकाळचा पेला तो मौजेसाठी घेत नाही, हात स्थिर व्हावा म्हणून घेतो. म्हणूनच रोज भरपूर पिणाऱ्याकडून देवापुढे शपथ घेववून त्याला खोलीत कोंडणे मला घातक वाटते. त्याने वैद्याच्या देखरेखीखाली, औषधे व ‘ब-१’ जीवनसत्त्व घेतच थांबावे.

ज्यांना अशी बाधा नाही त्यांनी आधी मोजावयास शिकावे. तीस मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे दहा ग्रॅम मद्यार्क असतो. बिअर म्हणजे दारू नव्हे, असे सुशिक्षितही म्हणतात. पण आठ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर बाटलीत चार पेगांइतका मद्यार्क भरतो! यकृत तासाला जेमतेम सात ते दहा ग्रॅम निकालात काढते. लिंबू वा कॉफी त्याला घाई करवू शकत नाही. मद्य कर्करोगकारक आहे हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच ठरविले आणि पूर्णतः निर्धोक असे प्रमाणच नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले. रोजचा हिशेब वहीत लिहिणे, आठवड्यातील काही दिवस कोरडे ठेवणे, घरात साठा न करणे हे उपाय साधे आहेत, पण लागू पडतात.

नाटकात सुधाकर दारू सोडतोही. मग कामासाठी दारोदार फिरतो, अपमान पदरी घेतो आणि पुन्हा पितो. पुनःपतनाचे इतके अचूक वर्णन वैद्यकीय ग्रंथांतही मला क्वचितच आढळले. आज पिण्याची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधे आहेत, १९३५ पासून चालत आलेली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची परस्परसाहाय्याची पद्धत आहे, पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ आहे. पण सोडलेल्याला काम देणारा माणसातलाच कोणीतरी हवा.

घरच्या भगिनींना एक विनंती. ‘नकळत जेवणातून द्या’ अशा जाहिरातींच्या पुड्या विकत घेऊ नका. १९४८ साली डेन्मार्कमध्ये पुढे आलेले डायसल्फिराम हे औषध मद्याचे शरीरातील विघटन अर्ध्यावर अडविते. त्यावर दारू प्याल्यास चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. घेणाऱ्याला हे ठाऊक असेल तरच ते औषध. एरवी ते विषच.

आपल्या गुजरातेत राज्यस्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. तिने अनेकांना पहिल्या पेल्यापासून दूर ठेवले असे माझे मत आहे. परंतु जो पितो तो वैद्यापासूनही लपतो. जुलै २००९ मध्ये अहमदाबादच्या लठ्ठाकांडात शंभराहून अधिक माणसे दगावली. २०२२ साली बोटाद परिसरात पुन्हा तेच घडले. लठ्ठ्यातील मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते व ते दृष्टिनाडी जाळते. पिऊन काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही, डोळ्यांपुढे धुके येते. त्या क्षणी रुग्णालय गाठले तर उपाय असतो. पोलिसांच्या भीतीने व लोकलज्जेने घरोघरी नेमके तेच तास दवडले जातात.