बारगिराची खतावणी

पहाटे 4:40

गजर वाजायच्या आधीच मी जागी असते, आणि ती उत्साहामुळे नव्हे. पोटात गोळा आलेला असतो. वय 47, पतसंस्थेच्या कर्जविभागात नोकरी, घरात सासूबाई, नवरा आणि अकरावीतली लेक. आठवड्यातून तीन दिवस मी या वेळी उठते ती घोड्यावर बसायला. कोणी सांगितलेलं नाही, स्पर्धेत उतरायचं नाही, पदक मिळायचं नाही. बाहेर पुण्याची नोव्हेंबरातली थंडी, अंगावर गोधडी आणि ‘आज नको’ म्हणायला शंभर कारणं.

त्या कारणांशी वाद घालणं मी सोडून दिलंय. वादात तीच जिंकतात. त्याऐवजी एक नियम केलाय: तबेल्यात जायचंच, बसायचं की नाही ते तिथे ठरवायचं. नाही बसावंसं वाटलं तर खरारा करून परत यायचं. या वर्षात नुसता खरारा करून परतले अशा सकाळी नऊ. बाकीच्या सगळ्या सकाळी तिथे पोचल्यावर बसलेच.

कपडे रात्रीच खुर्चीवर काढून ठेवलेले असतात, कारण अंधारात ब्रीचेस शोधायला लागल्या की निर्धार तिथेच गळतो. सासूबाई कुशीवर वळून म्हणतात, “निघाली आमची घोडनवरी.” माझं लग्न एकोणतिसाव्या वर्षी झालं तेव्हा एका आत्याबाईंनी हा शब्द माझ्यामागे वापरला होता. अठरा वर्षांनी सासूबाईंनी तो खरा करून घेतला.

5:20

स्कूटर, सिंहगड रस्ता, कानटोपी. दूधवाले आणि मी.

5:45

खडकवासल्याच्या अलीकडे, उसाच्या एका तुकड्याला लागून आमची शाळा आहे. अकरा घोडे, पत्र्याचा तबेला, वाळूचं मैदान. माझा स्वतःचा घोडा नाही. शिवकाळातल्या घोडदळात ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार आणि जो सरकारी पागेतल्या घोड्यावर बसायचा तो बारगीर. त्या हिशेबाने मी बारगीर. पागेत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असायचा म्हणतात. आमच्याकडे अकरा घोड्यांमागे पाणी पाजण्यापासून लीद काढण्यापर्यंत सगळं करणारे दोन मोतद्दार आहेत, आणि नालबंद येतो तेव्हा येतो.

माझा घोडा, म्हणजे मला मिळणारा घोडा, पेढा. रंगावरून नाव पडलं. कागदोपत्री त्याचं इंग्रजी नाव भलतंच भारदस्त आहे, कारण तो रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड आहे. त्याच्याकडे जाताना डाव्या खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. फक्त अगदी नाकासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. आणि नवखा माणूस नेमका नाकावर हात फिरवायला समोरून जातो.

मग खरारा. आधी रबरी खराऱ्याने गोल गोल, मग ब्रश मानेपासून मागे. खूर उचलून आकड्याने आतली माती काढायची, टाचेकडून पुढे, मधल्या मऊ त्रिकोणाला न दुखवता. ही वीस मिनिटं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात, आणि बऱ्याच जणांना ती मोतद्दाराची कामं वाटतात. ते आयत्या कसलेल्या खोगिरावर येऊन बसतात आणि मग घोडा ‘अचानक’ बिथरला म्हणतात. मला मात्र आज पाठीवर कुठे हात ठेवला की कातडी थरथरते, कान कुठे वळतात, श्वास कसा चाललाय हे सगळं बसायच्या आधी कळलेलं असतं. आज थंडीने त्याच्या अंगात वारं भरलंय, हेही कळलं.

तंग आवळताना पेढा पोट फुगवतो. म्हणून थोडं चालवून झाल्यावर तंग पुन्हा एकदा बघायचा. हे विसरलं की खोगीर फिरतं आणि आपण खोगिराबरोबर फिरतो.

“ताई, आज पोटात दुखतंय का?” मोतद्दारकाका विचारतात. “हा सारखा तुमच्याकडं बघतोय.”

काकांना हे कसं कळतं ते मला बरेच दिवस कोडं होतं. मग स्वीडनमधल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं, 2009 साली प्रसिद्ध झालेला. माणसं घोड्याला घेऊन, काही जण घोड्यावर बसून, एकाच रस्त्याने पुन्हा पुन्हा चालत गेली. शेवटच्या फेरीआधी त्यांना सांगितलं की आता घोड्यासमोर छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. पण माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि ज्या घोड्यांना छत्रीचं काहीच सांगितलेलं नव्हतं, त्यांचेही वाढले.

माझी छत्री म्हणजे एक ताडपत्री.

6:20

मैदान वीस मीटर बाय चाळीस मीटर. कडेने ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ अशा पाट्या, जगभर असतात तशा. एच च्या कोपऱ्यामागे कडब्याची गंजी आहे. चौदा महिन्यांपूर्वी, सप्टेंबरात, तिच्यावरची ताडपत्री वाऱ्याने फडफडली. पेढा एका झेपेत डावीकडे गेला आणि मी उजवीकडे. हासळीचं हाड मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात, साडेतीन महिने घोडा बंद.

पहिली दहा मिनिटं वॉक. मग ट्रॉट, आपली दुडकी चाल: दोन ठोके, उठा-बसा. घाबरलेला माणूस श्वास धरून ठेवतो, आणि श्वास धरला की मांड्या लाकडाच्या होतात. सरांचा इलाज साधा आहे, तोंडाने काहीतरी म्हणत राहायचं. फौजेतून निवृत्त झालेले सर मूळचे साताऱ्याचे, पण मैदानात उतरले की हिंदी सुरू होते. “एडी नीचे, नजर ऊपर! आवाज नहीं आ रही!” मी पाढे म्हणते. उठताना सतरा दुणे, बसताना चौतीस. आज सतरा सातापर्यंत नीट, पुढे हुकलं ते पाढ्यात, मांडीत नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. कँटर तीन ठोक्यांचा असतो. लहानपणी आमच्या शेजारी तबल्याचा क्लास होता, त्यामुळे मला तो दादऱ्याच्या अर्ध्या आवर्तनासारखा ऐकू येतो: धा धी ना. पण दादऱ्यात ‘ना’ नंतर लगेच पुढचा बोल येतो. कँटरमध्ये तिसऱ्या ठोक्यानंतर एक क्षण घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात. तिथे बोल नाही. पडायच्या आधी मला तो क्षण कधी जाणवलाच नव्हता. पडल्यानंतर दुसरं काही जाणवेना. खोगीर मला वर ढकलतं, आणि पुन्हा खाली जमीन येईल यावर माझा विश्वास बसत नाही. माझी सगळी भीती त्या मोकळ्या मात्रेत राहते.

जुलैपासून कँटर पुन्हा सुरू केला, पण फक्त लांब बाजूला आणि कोपरा कापून. आज ठरवलेलं काम एकच: एक पूर्ण फेरी, एच चा कोपरा न कापता. नुसतं ‘आत्मविश्वास वाढवायचा’ असं ठरवून मी बरेच महिने घालवले. त्याने काही होत नाही, कारण संध्याकाळी तो वाढला की नाही हे कशात मोजायचं? कोपरा मोजता येतो.

पहिला प्रयत्न फसला. एच दिसायला लागल्याबरोबर मी लगाम ओढला. दुसरा घोडा असता तर थांबला असता. रेसचा घोडा लगामावर भार टाकून धावायला शिकलेला असतो. जॉकीने लगाम ताणून धरला की तो त्याच्यावर रेलतो आणि पळतो. तेव्हा मी थांबवायला ओढते, पेढ्याला ते ‘चल’ वाटतं.

“छोडो! हात छोडो!” आणि मग घाईत मराठी, “ताई, तुम्ही धरलंय म्हणून तो पळतोय!”

हात सोडणं म्हणजे लगाम टाकणं नव्हे. कोपर सैल, बोटं मिटलेली. सांगायला सोपं आहे. कोपराला मात्र वाटत असतं की आपण सोडलं तर संपलं. वॉकवर आलो. तीन लांब श्वास. पेढ्याने नाक फुरफुरवलं, मान खाली टाकली. तो मोकळा झाला होता. माझंच घोडं पेंड खात होतं.

दुसऱ्यांदा सी पासून कँटर. एम, बी, एफ. धा धी ना, मोठ्याने. ए. के. मैदानाच्या कडेला दोन कॉलेजची मुलं उभी होती, त्यांना ही बाई काय बरळतेय असं वाटलं असेल. ई ला पेढ्याचा बाहेरचा कान कडब्याकडे वळला. नजर पाटीवर न ठेवता पुढच्या सी वर ठेवली, कारण बघाल तिकडे अंग वळतं आणि अंग वळेल तिकडे घोडा. बाहेरचा पाय टेकवून ठेवला. धा धी ना आणि ती मोकळी मात्रा. कोपरा गेला. ताडपत्री तिथेच होती, हललीसुद्धा नाही.

तिसऱ्यांदा लोभ केला. पाऊण फेरीत उजवी रिकीब सुटली, मी आपणहून ट्रॉटवर आले, मग वॉकवर. सर काही बोलले नाहीत. हे त्यांचं बोलणंच असतं.

7:10

तंग एक भोक सैल, दहा मिनिटं हातात धरून चालवणं, मग पाणी. चंदी लगेच नाही. घोड्याचं पोट त्याच्या देहाच्या मानाने अगदी लहान आणि त्याला उलटी करता येत नाही. चुकीच्या वेळी, चुकीच्या मापाने खाल्लं की पोटशूळ, आणि पोटशुळाने धडधाकट घोडा जातो. काका मला भिजवलेल्या हरभऱ्याच्या बादलीला हात लावू देत नाहीत. लसूणघासाची एक पेंडी मात्र माझ्या हातची.

10:00

दहा ते साडेपाच कागदी घोडे.

दुपारी 1:30

डबा खाताना शेजारच्या टेबलावरचे सहकारी विचारतात, “एवढं हाड मोडलं तरी जाता?” आणि मग सगळे सांगतात तेच सांगतात: पडलं की लगेच परत चढायचं, म्हणजे भीती बसत नाही. मला हा सल्ला आवडत नाही. डोक्याला मार बसला असेल, तर परत चढणं हे शौर्य नव्हे, मूर्खपणा आहे. मार बसलेलं हेल्मेटही बाहेरून धड दिसलं तरी बदलावं लागतं. मी पडल्यावर साडेतीन महिने चढले नाही. भीती बसली, हे खरं. पण ती उठवायला बसलेही मीच, हळूहळू. पहिला महिना नुसता वॉक केला. लहान मुलं शेजारून कँटर करत जायची आणि मी वॉक.

2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजच्या संघाने सुवर्णपदक मिळवलं, घोडेस्वारीत भारताला 1982 नंतर पहिल्यांदाच. तेव्हा मी हा खेळ पहिल्यांदा नीट बघितला. त्यात नुसत्या वॉकलाही गुण असतात. घोडा सैल मानेने, लांब पावलं टाकत चालतोय का, याचे. त्या महिन्यात हे आठवून मला फार बरं वाटायचं. लेक म्हणाली, “आई, जपानचे हिरोशी होकेत्सु लंडन ऑलिंपिकला 71 वर्षांचे होते.” ते 1964 मध्येही ऑलिंपिक खेळले होते, हे तिने सांगितलं नाही. मी शोधून काढलं आणि थोडी खट्टू झाले.

संध्याकाळी 7:00

जिन्याच्या पायरीवर पावलाचा पुढचा भाग टेकवून टाचा खाली सोडायच्या, तीस सेकंद. मग एका पायावर उभं राहून कणीक मळणं, जे सासूबाईंना सहन होत नाही. मांड पक्की हवी असेल तर पोट आणि कंबर घट्ट हवी. हाताच्या जोरावर घोड्यावर कोणी टिकत नाही.

रात्री 9:30

माझ्याकडे एक वही आहे. जमा-नावे अशी दोन बाजूंची, पतसंस्थेत आयुष्य गेल्यामुळे दुसरी पद्धत सुचली नाही. घरी बसले होते तेव्हा सुरू केली, जुन्या कॅलेंडरवरच्या खुणा बघून मागची उतरवली. तोपर्यंत कोणी विचारलं की मी सांगायचे, “मी सारखी पडते.” वही भरल्यावर कळलं की मी तीनदा पडलेय. तीनदा! दोनदा नुसती वाळू झटकून उठले होते, एकदा हाड. तेव्हा समोर जमा बाजूला 131 स्वाऱ्या होत्या. मन इतके वाईट हिशेब ठेवतं की शाखेत कोणी तसे ठेवले असते तर मी त्याला घरी पाठवलं असतं.

आजची नोंद, 239 वी: ‘कँटर, एच न कापता, एक फेरी पूर्ण. दुसरी पाऊण. उजवी रिकीब सुटली. पहिल्यांदा लगाम ओढला.’ शेवटची दोन वाक्यं नावे बाजूला. काहीच दिलं नाही असा दिवस वहीत नाही, आणि नुसतंच मिळालं असाही नाही.

9:50

मोतद्दारकाकांचा फोन. “ताई, पेढ्याचा मागचा नाल निघालाय. नालबंद शनिवारी यायचाय. गुरुवारी बिजली देऊ का?”

बिजली काठियावाडी घोडी, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकणारी, अंगाने लहान, पायाने वाऱ्यासारखी. तिच्यावर मी कधी बसलेली नाही.

“द्या,” मी म्हटलं. फोन ठेवल्यावर पोटात गोळा आला. बुधवार अजून मध्ये आहे. ब्रीचेस धुवायला टाकल्या.