चाकांवांचून चालणारीं वाहनें

कांहीं करमणुकींकडे वडील मंडळी पोरखेळ म्हणून पाहतात; परंतु नीट विचार केल्यास त्यांत हात, डोळे व बुद्धि या तिघांनाही शिक्षण मिळतें. मेजावर मांडावयाची लुटुपुटीची लढाई ही त्यांपैकींच होय. १८२४ सालीं प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांपुढें फॉन राइसविट्स या लष्करी अधिकाऱ्यानें असा खेळ मांडून दाखविला; १९१३ सालीं एच्. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकारानें ‘लिट्ल वॉर्स’ या पुस्तकांत खेळण्यांतील शिपायांच्या लढाईचे नियम सांगितले. आणि १९८७ सालीं इंग्लंडांत निघालेल्या ‘वॉरहॅमर ४०,०००’ या खेळानें तीच लढाई दूरच्या भविष्यकाळांत नेली.

या भविष्यकाळांतील कित्येक रणगाड्यांना चाकें नसतात. ते भूमीपासून किंचित् वर तरंगत जातात. असें वाहन घरीं कसें करावें, तें येथें थोडक्यांत सांगतों.

तरंगणें ही केवळ कविकल्पना नव्हे. ख्रिस्तोफर कॉकरेल या इंग्रज इंजिनियरानें १९५५ च्या सुमारास एका मोठ्या डब्यांत लहान डबा बसवून, त्या दोहोंमधील फटींतून हवा खालीं सोडली व तिचा दाब तराजूवर मोजून पाहिला. त्याच तत्त्वावर बांधलेलें वाहन २५ जुलै १९५९ रोजीं कॅलेहून समुद्र ओलांडून डोव्हरला पोहोंचलें. सारांश, खऱ्या वाहनाचाही आरंभ टाकाऊ डब्यांतूनच झाला!

आपणही रिकामी बाटली किंवा साबणाची डबी घ्यावी. खेळांतील शिपाई सुमारें २८ मिलिमीटर उंच असतो. त्याला आंत शिरतां येईल एवढें दार आधीं आंखावें, म्हणजे बाकीचीं मापें आपोआप ठरतात. डबी धुवून कांचकागदानें घासावी, नाहीं तर गोंद व रंग धरत नाहींत. बाजूंस प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याचे तुकडे चिकटवावे आणि तळाशीं बाटल्यांचीं झांकणें पंख्यांच्या ठिकाणीं बसवावीं. चाकूचें काम वडिलांच्या देखरेखीखालींच करावें.

वाहन पारदर्शक कांडीवर उभें करितात. आमच्या पहिल्या वाहनाची कांडी आम्हीं अगदीं मधोमध लावली. परंतु यंत्राचा भार मागें होता. ऐन लढाईंत तें उलटलें आणि पंधरा दिवसांचे श्रम क्षणांत मोडले! तेव्हांपासून वाहन प्रथम बोटावर तोलून, जेथें तें स्थिर राहील तेथेंच आम्ही कांडी लावतों.

रंग पातळ करून दोन-तीन हात द्यावे. जाड रंगानें बारीक रेषा बुजतात. खांचांत काळसर पाणीदार रंग सोडावा व कडांवरून जवळजवळ कोरडा कुंचला फिकट रंगांत बुडवून फिरवावा. यास चाकेंच नसल्यामुळें चिखलाचे शिंतोडे शोभत नाहींत. मात्र खालच्या हवेनें धूळ उडते, म्हणून तळाच्या कडेस धुळीचा रंग दाट व वर जातां जातां विरळ असावा.

विद्यार्थिमित्रहो, प्रत्येक तुकडा चिकटवितांना एकच प्रश्न विचारा: याचें काम काय? उत्तर न मिळाल्यास तो काढून टाका. वाहन काल्पनिक असलें, तरी त्यामागील विचार खरा असला पाहिजे. आणि ही संवय एकदां जडली म्हणजे पुढें खरीं यंत्रें हातीं घेतांना ती उपयोगी पडल्यावांचून राहत नाहीं.