निवृत्त सैनिक आणि त्याचा आयुर्विमा

कर्जतच्या स्थानकावर एखादा जवान लोखंडी ट्रंक घेऊन कायमचा घरी परततो, तेव्हा त्याच्या वयाकडे पाहता ‘निवृत्त’ हा शब्द विपरीतच वाटतो. पंधरा-सतरा वर्षे पलटणीत काढलेला हा गृहस्थ बहुधा चाळिशीच्या आत-बाहेर असतो. मुले शाळेत, घर अर्धवट बांधलेले, आणि खोपोलीच्या एखाद्या कारखान्यात पहाऱ्याची नोकरी मिळण्याची आशा. संसाराचा भार सर्वांत जड असतो त्याच वयात त्याच्या डोक्यावरील विम्याचे छत्र मिटते.

नोकरीत असेपर्यंत ही चिंता त्याला शिवत नाही. १९७६ साली स्थापन झालेल्या सेना समूह विमा निधीची वर्गणी वेतनातून परस्पर कापली जाते. तिचा काही भाग जोखमीपोटी जातो, उरलेला बचतीत पडतो. निवृत्तीच्या वेळी हाती येते ती ही बचत. सेवाकाळातील संरक्षण तेथेच संपते. पुष्कळ घरांत मात्र ही रक्कम म्हणजेच ‘विमा मिळाला’ असे समजतात, आणि साऱ्या घोटाळ्याचे मूळ येथेच आहे. निधीने त्यावर विस्तारित विम्याची तोड ठेवली आहे. निवृत्त होताना एकरकमी वर्गणी घेतली जाते व पुढे ठराविक वर्षे संरक्षण चालू राहते. पण वयाच्या पंचाहत्तरीपलीकडे नाही. शिवाय विम्याची रक्कम ठरलेली असते. महागाई वाढली म्हणून ती वाढत नाही.

‘पण निवृत्तिवेतन आहे ना?’ असे कोणी विचारील. ते आहे खरे. सामान्यतः अखेरच्या वेतनाच्या निम्मे. तो वारला तर पत्नीला तेवढीच रक्कम सात वर्षे, किंवा त्याला सदुसष्ट वर्षे पूर्ण झाली असती त्या दिवसापर्यंत, यांतील जे आधी येईल तोवर मिळते. त्यानंतर शेकडा ३०. म्हणजे जेथे पाच रुपये येत, तेथे तीन येऊ लागतात. आणि कारखान्यातील पगार तर पहिल्याच महिन्यात थांबलेला असतो. हे पाचातले दोन रुपये भरून काढणे, हेच निवृत्त सैनिकाच्या विम्याचे खरे प्रयोजन होय.

मार्ग पुष्कळ आहेत. १८८४ पासून चालत आलेला टपाल आयुर्विमा सैनिकाला नोकरीत असतानाच घेता येतो, आणि पुढे गावी आल्यावर टपाल कचेरीत हप्ते भरून चालू ठेवता येतो. आयुर्विमा महामंडळाचा किंवा अन्य कंपनीचा निव्वळ मुदतीचा विमा हप्त्याच्या मानाने मोठे संरक्षण देतो. त्यात हयात राहिल्यास काही परत मिळत नाही, म्हणून लोक नाक मुरडतात, हे मात्र चुकीचे. २०१५ च्या जीवनज्योती योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचे संरक्षण आहे. प्रवेश पन्नाशीपर्यंत, मुदत पंचावन्नपर्यंत. प्रकृतीची माहिती लपवून घेतलेला विमा तीन वर्षांच्या आत वादात सापडू शकतो, हेही ध्यानी असावे.

२०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेतील तरुणाची गोष्ट आणखी वेगळी. सेवेत ४८ लाखांचा विमा, वर्गणी शून्य. परंतु चार वर्षांनी जो बाहेर पडेल, त्याला निवृत्तिवेतन नाही, म्हणून कुटुंबालाही नाही. सेवानिधीची रक्कम घरात किंवा गाडीत घालण्यापूर्वी तिच्यातून विम्याचा हप्ता बाजूस काढणे त्यालाच सर्वाधिक अगत्याचे आहे, आणि त्या वयात तो स्वस्तही पडतो.

राहता राहिली कागदपत्रे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अलिबागला. खालापूरच्या खेड्यातील विधवेचा जाण्यायेण्यात दिवस मोडतो. विमापत्राचा क्रमांक, वारस म्हणून नोंदलेले नाव आणि निवृत्तिवेतनाचा आदेश ट्रंकेच्या तळाशी नेमका कोठे आहे, हे तिला पतीच्या हयातीतच ठाऊक असले, तर त्या खेपा पुष्कळ वाचतात.