कलावंत हवा, पण कोणता?

व्यवसाय करणाऱ्या गृहस्थाला हिशेब लिहावयास माणूस हवा असला की तो हिशेबनीस शोधतो. कोर्टाचे काम निघाले तर वकिलाकडे जातो, वैद्याकडे जात नाही. परंतु मालाचे वेष्टन, दुकानाचा फलक, जाहिरातीचा मजकूर किंवा हॉटेलची माहितीपुस्तिका करून घ्यावयाची वेळ आली की हाच व्यवहारदक्ष गृहस्थ ‘एखादा आर्टिस्ट बघा’ एवढे सांगून मोकळा होतो. मग ओळखीतला, स्वस्तातला किंवा प्रथम भेटेल तो कलावंत नेमला जातो. काम मनासारखे होत नाही, पैसे अडतात, मने कलुषित होतात आणि ‘कलावंत लहरीच असायचे’ असा निष्कर्ष काढून प्रकरण मिटते. आमच्या मते या भांडणांपैकी बहुतेकांचे मूळ कलावंताच्या लहरीत नसून नेमणुकीपूर्वी न विचारलेल्या एका प्रश्नात आहे. आपल्याला नेमके कोणते काम करून घ्यावयाचे आहे, हा तो प्रश्न.

हा प्रश्न काही आजचा नाही. निजामाच्या दरबारापासून आजच्या चित्रपटउद्योगापर्यंत कलावंतांना कामे देत आलेल्या हैदराबाद शहराचा इतिहास चाळला तर त्याची बरी-वाईट दोन्ही उत्तरे सापडतात. त्यातले चांगले उत्तर राजा दीनदयाळ यांचे. दीनदयाळ मूळचे मीरतजवळच्या सरधन्याचे. रुडकीच्या थॉमसन कॉलेजातून शिकून ते इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि छायाचित्रणाचा छंद पुढे त्यांचा व्यवसाय बनला. सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार म्हणून आश्रय दिला. दख्खनच्या दरबारांत चित्रकलेची परंपरा थोर होती. तरीही राजवाडे, लष्करी संचलने, शिकारी, पाहुण्यांचे सत्कार यांची बिनचूक नोंद ठेवावयाची तर त्यासाठी कुंचल्यापेक्षा कॅमेरा अधिक उपयोगाचा, हे निजामाच्या दरबाराने ओळखले.

पण आम्हाला अधिक मोलाचा वाटतो तो खुद्द दीनदयाळ यांनी धंद्याचे मालक या नात्याने घेतलेला निर्णय. हैदराबादेतील सरदार-जहागीरदारांच्या घरच्या स्त्रिया पडदा पाळीत. त्यांना स्वतःची छायाचित्रे हवी असत, परंतु परपुरुषासमोर बसणे शक्य नव्हते. दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत या स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ काढला आणि तो मिसेस केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंच्या हाती सोपविला. त्या काळच्या हिंदुस्थानात दीनदयाळ यांच्या तोडीचे छायाचित्रकार विरळाच होते. तरीही या एका कामासाठी आपण स्वतः उपयोगाचे नाही, हे त्यांनी जाणले. सर्वांत नामवंत कोण, याचा विचार बाजूस ठेवून हे काम कोणाच्या हातून होऊ शकेल, याचा त्यांनी विचार केला. माणूस नेमण्याचे सारे शहाणपण या एका गोष्टीत आले.

याच राज्यात या शहाणपणाचा विसर पडल्याचे उदाहरणही घडले आणि त्याची किंमत फार मोठी होती. अजिंठ्याची लेणी तेव्हा निजामाच्या मुलखात होती. तेथील भित्तिचित्रे झिजू लागली आहेत हे एकोणिसाव्या शतकातच लक्षात आले होते. उपाय म्हणून कोण पाठविले गेले? चित्रकार! ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांना नकला करावयास नेमले. त्यांच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांसह तेच काम पुन्हा केले आणि त्यातल्याही पुष्कळ नकला १८८५ मध्ये साऊथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. नकला तर गेल्याच. परंतु त्या करताना मूळ चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांच्यावर व्हार्निश फासले गेले होते, ते मात्र मागे राहिले आणि काळवंडत गेले. नकलाकाराला चित्र दिसावयास हवे होते, भिंतीला टिकावयास हवे होते. पहिल्या कामाचा माणूस दुसऱ्या कामासाठी पुरेसा नाही, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. गिल व ग्रिफिथ्स यांची निष्ठा वा कौशल्य यांत उणे काढण्याचे कारण नाही. उणे होते ते काम सांगणाऱ्याच्या विचारात.

निजाम सरकारने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापन केले, गुलाम यझदानी यांच्याकडे त्याची सूत्रे दिली आणि अखेर १९२० मध्ये इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी हे जीर्णोद्धारतज्ज्ञ बोलाविले. योग्य जातीचा कारागीर प्रथमच आला. सुटू लागलेला गिलावा त्याने भिंतीला पुन्हा चिकटविला, हे त्याचे उपकार. पण संरक्षणासाठी दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला आणि तो उतरविण्यासाठी भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना वर्षानुवर्षे खपावे लागले. तेव्हा माणसाचा हुद्दा जुळला म्हणजे झाले, असेही नाही. माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू यांच्या गिलाव्यावरील चित्रांना आणि आपल्याकडच्या हवेला त्याचा उपाय मानवेल काय, हेही पाहावे लागते.

आजचे हैदराबाद हाच धडा दुसऱ्या टोकाकडून शिकविते. शहराबाहेर १९९६ साली उभ्या राहिलेल्या रामोजी फिल्म सिटीत ‘बाहुबली’चे भव्य देखावे रचले गेले. २०१५ मध्ये पडद्यावर आलेल्या त्या चित्रपटाच्या पहिल्या भागात महिष्मतीची रचना साबू सिरिल यांची, छायालेखन सेंथिल कुमार यांचे आणि संगणकीय दृश्यांची देखरेख श्रीनिवास मोहन यांची. प्रेक्षकाला एकच नगरी दिसते. तिच्यामागे तीन निरनिराळ्या विद्या आहेत आणि एकीचा जाणकार दुसरीत ढवळाढवळ करीत नाही. याच शहरातील ग्रीन गोल्ड या संस्थेने २००८ मध्ये घरोघरच्या मुलांना ‘छोटा भीम’ दिला. तिथेही कथा लिहिणारा, पात्राचे रूप ठरविणारा, पार्श्वभूमी रंगविणारा आणि ते पात्र हलते-चालते करणारा असे वेगवेगळे हात लागतात.

आमच्या गोमंतकातील काजूचा कारखानदार किंवा फेणीचा उत्पादक म्हणेल, आम्हाला इतका खटाटोप कशाला? त्याला इतकी माणसे नकोत हे खरेच. पण विचार तोच हवा. मालाची ओळख पटविणारे बोधचिन्ह आणि वेष्टन हवे असेल तर उपयोजित कलेचा जाणकार पाहावा. अक्षर, कागद, छपाई यांचे गणित त्यालाच ठाऊक. पाहुण्याला खोली आणि किनारा दिसतो तसा दाखवावयाचा असेल तर छायाचित्रकार. गावाचे, माणसांचे, गंमतीचे वातावरण उभे करावयाचे असेल तर रेखाचित्रकार. मारिओ मिरांडा यांच्या रेषेने जो गोवा दाखविला तो कोणत्याही कॅमेऱ्याला दाखविता आला नसता. आणि गिऱ्हाइकाला काय सांगावे हेच ठरत नसेल, तर आधी शब्दांचा माणूस गाठावा. १९६६ मध्ये ‘अमूल’ची मुलगी जन्मली ती सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांची कल्पना आणि यूस्टेस फर्नांडिस यांची रेषा एकत्र आल्यामुळे, दोघांपैकी एकट्याने हे घडते ना. पणजीच्या आल्तिनोवरील कला महाविद्यालयात चित्रकला आणि उपयोजित कला असे निराळे अभ्यासक्रम उगाच चालत नाहीत. ‘जेनु काम तेनु थाय, बिजा करे सो गोता खाय’ ही म्हण आपण सुताराला आणि गवंड्याला लावतो, मग कलावंताला का लावू नये?

आता चार शब्द सांगताच संगणक क्षणात चित्र काढून देतो, तेव्हा कलावंत हवाच कशाला, असेही विचारले जाते. या यंत्राचा उपयोग आम्ही नाकारीत नाही. परंतु आपल्याला काय हवे हे ज्याचे त्याला ठाऊक नाही, त्याला यंत्र एका चित्राऐवजी शंभर चित्रे देईल आणि त्याचा गोंधळ शंभरपट करील. शिवाय फेणीची भट्टी कशी दिसते आणि तिथे काय चालते, हे ज्याने पाहिले आहे त्याची नजर यंत्रातून मिळत नाही.

माणूस ठरला की व्यवहारही स्वच्छ हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत असताना केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसल्यास, सामान्यतः मालकाकडे जातो. बाहेरच्या कलावंताच्या बाबतीत मात्र कामाच्या प्रकाराप्रमाणे नियम बदलतो आणि हक्कांचे हस्तांतर लेखीच लागते. त्या लेखात मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. ज्या बोधचिन्हावर पिढ्यान् पिढ्या धंदा चालवावयाचा, त्याचा कागद केला नाही तर दोष कोणाचा? तसेच ‘आधी चार नमुने फुकट करून आणा, पसंत पडल्यास बघू’ ही रीत सोडली पाहिजे. नमुना हेच कलावंताचे काम असते. शिंप्याकडून कोणी चार सदरे फुकट शिवून घेत नाही.

दिवाळीच्या आधी जाहिरातींची आणि पर्यटनाच्या हंगामापूर्वी माहितीपुस्तिकांची घाई आपल्याकडे दर वर्षी सुरू होते. घाईत माणूस नेमण्यापूर्वी आमच्या व्यावसायिकांनी एक कोरा कागद घ्यावा आणि काम काय, कोणासाठी, किती दिवस टिकावयाचे, एवढे तीन ओळींत लिहावे. त्या तीन ओळी लिहिता आल्या तर कोणता कलावंत हवा याचे उत्तर बहुधा त्यांतच मिळेल. लिहिता आल्या नाहीत, तर अजून कोणालाच बोलावण्याची वेळ आलेली नाही, असे समजावे.