उतारा आधी कानावर पडू द्या

सारांशलेखनाचे पाच गुण कसे मिळवायचे, ते या आठवड्यात सांगेन असे लिहिले होते. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. गडहिंग्लज तालुक्यातल्या एका शिक्षकांचे पत्र आले आहे आणि त्यांच्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय सारांशाकडे जाणे मला बरोबर वाटत नाही. ते लिहितात, की दहावीच्या इंग्रजीची कृतिपत्रिका ८० गुणांची. श्रवण येते ते उरलेल्या २० गुणांच्या तोंडी परीक्षेत, ते गुण शाळाच देते आणि त्यात सहसा कोणी मागे राहत नाही. मग वर्गात ऐकण्याचे पाठ घेण्यात वेळ का घालवायचा? तोच वेळ उतारे सोडवून घेण्यात का देऊ नये? प्रश्न रास्त आहे आणि तो एकट्या गडहिंग्लजचा नाही. कोल्हापूर विभागीय मंडळाखालच्या कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तिन्ही जिल्ह्यांतल्या मराठी शाळांत वेळापत्रक आखताना हाच हिशेब मांडला जातो. माझे उत्तर असे आहे, की उताऱ्यासाठीच ऐकायचे. श्रवण ही वाचनापासून वेगळी, वीस गुणांपुरती तयारी नाही. वाचलेले समजण्याची जी ताकद आहे, तिचा निम्मा भाग कानातून येतो.

हिशेब असा का मांडला जातो, हे समजण्यासारखे आहे. तोंडी परीक्षेचे गुण शाळा सढळ हाताने देतात, या आक्षेपावरून मार्च २०१९च्या दहावीला ते काढून टाकले गेले. राज्याचा निकाल २०१८मध्ये ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, गुण परत आले आणि २०२०चा निकाल ९५.३० टक्के लागला. २०१९मध्ये दहावीचा अभ्यासक्रम आणि पुस्तकेही नवी होती, त्यामुळे सगळी घसरण तोंडी परीक्षेच्या खात्यावर टाकता येणार नाही. पण त्या वादातून शाळांनी आणि पालकांनी एकच गोष्ट उचलली : हे वीस गुण म्हणजे पास होण्याचा आधार. ते असावेत की नसावेत यावर भरपूर बोलले गेले. ज्या क्षमतेसाठी ते ठेवले आहेत, ती क्षमता नसेल तर उरलेल्या ऐंशी गुणांचे काय होते, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

तो एका वाक्यावरून तपासू. समजा उताऱ्यात असे वाक्य आहे : 'द मॅन हू सोल्ड द बफेलो टू माय अंकल लिव्हज इन कागल.' यात एकही शब्द अवघड नाही. प्रश्न आहे, कागलमध्ये कोण राहते? मुलगा 'अंकल' असे उत्तर लिहितो, कारण छापील ओळीत 'माय अंकल लिव्हज इन कागल' हे शब्द एकमेकांना लागून आलेले त्याला दिसतात. आपण म्हणतो, त्याने लक्ष देऊन वाचले नाही. पण त्याने लक्ष दिलेले असते. त्याला जोडणी कळलेली नसते. मराठीत कोणी कोणाला काय केले, हे विभक्तीचे प्रत्यय सांगतात. 'ज्याने माझ्या मामाला म्हैस विकली, तो माणूस कागलमध्ये राहतो' या वाक्यात 'मामाला' म्हटल्यावर तो मामा कागलमध्ये राहणाऱ्याच्या जागेवर जाऊच शकत नाही, आणि 'ज्याने' आले की 'तो' कुठे आहे, हे मराठी मूल आपोआप शोधते. इंग्रजीत नामाला असे प्रत्यय नाहीत. तिथे अर्थ शब्दांच्या क्रमावर आणि कोणते शब्द एका दमात घ्यायचे यावर ठरतो. बोलणारा माणूस 'अंकल'पाशी क्षणभर थांबतो, आवाज किंचित बदलतो आणि 'लिव्हज' पुन्हा 'मॅन'ला जाऊन मिळते. छापलेल्या वाक्यात हा थांबा कुठेच दाखवलेला नसतो. ज्याने अशी शेकडो वाक्ये ऐकली आहेत, तो मनातल्या मनात वाचतानाही तिथे थांबतो. ज्याने ती ऐकलीच नाहीत, त्याच्यासाठी ओळ म्हणजे एकापुढे एक ठेवलेले सुटे शब्द. कृतिपत्रिकेत प्रत्येक उताऱ्याखाली साधी माहिती, गुंतागुंतीची माहिती, शब्द, व्याकरण आणि स्वतःचे मत अशा पाच कृती असतात. सुटे शब्द ओळखून पहिली निभते. दुसरीपासून ही जोडणी लागते.

संशोधनही याच दिशेला बोट दाखवते. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६मध्ये वाचनाचे एक अगदी साधे सूत्र मांडले. छापील अक्षरांवरून शब्द ओळखता येणे आणि तीच भाषा ऐकून समजणे, या दोन क्षमतांचा गुणाकार म्हणजे वाचून समजणे. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही भक्कम असली तरी उत्तर शून्यच. पुढे १९९०मध्ये वेस्ली हूवर आणि गॉफ यांनी टेक्सासमधल्या इंग्रजी-स्पॅनिश द्विभाषिक मुलांवर हे सूत्र तपासले. पहिलीत अक्षरओळखीचा प्रभाव मोठा होता. इयत्ता वाढत गेली तसे ऐकून समजण्याचे वजन वाढत गेले. आपल्याकडे २०००पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. दहावीत आलेल्या मुलाने नऊ वर्षे अक्षरे पाहिलेली असतात. त्याच्या अडचणीचा मोठा भाग सूत्राच्या दुसऱ्या बाजूला असण्याची शक्यता आहे, आणि आपण सराव मात्र पहिल्या बाजूचाच घेत राहतो.

या सूत्राचा वर्गात लगेच होणारा उपयोग म्हणजे निदान. मुलाला उतारा समजला नाही, की बाकी काही करण्याआधी तोच उतारा त्याला नीट, सावकाश वाचून दाखवा आणि तेच प्रश्न तोंडी विचारा. ऐकून समजले, तर भाषा त्याच्याकडे आहे. अडते ते अक्षरांपाशी आणि वेगापाशी. त्याला वाचनाचाच सराव हवा. ऐकूनही समजले नाही, तर आणखी दहा उतारे सोडवून घेऊन काही होणार नाही, कारण त्याला इंग्रजी वाक्याची घडणच ओळखीची नाही. मग तिसरी पायरी : उताऱ्यातला मजकूर मराठीत सांगून पाहा. तरीही कोरा चेहरा दिसला, तर तो विषयच त्याला अनोळखी आहे. ही तिसरी शक्यता क्षुल्लक समजू नका. अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८मध्ये सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना बघत वाढलेल्या मुलाला फुटबॉलवरचा उतारा द्या. कॉर्नर, पेनल्टी, टायब्रेकर हे शब्द त्याला छापील रूपात अनोळखी असले तरी अर्थाने घरचेच आहेत. त्याच मुलाला हिमनगावरचा उतारा द्या आणि दोन्हींचे गुण शेजारी मांडून पाहा. दोन गुणांत जो फरक पडेल, तो त्याच्या इंग्रजीतला फरक नव्हे. तात्पर्य, उताऱ्यात नापास होणारी मुले एका प्रकारची नसतात, आणि एकच सरावसंच सगळ्यांना देऊन आपण त्यातल्या दोन गटांचा वेळ फुकट घालवतो. हे वेगळेपण ऐकवल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही.

आता आक्षेप. पहिला शिक्षकांकडूनच येतो : आमचेच उच्चार मराठी वळणाचे, आम्ही वाचून दाखवले तर मुले तेच चुकीचे शिकतील. ही भीती मी गंभीरपणे घेतो, पण ती मला पटत नाही. आकलनासाठी हवी आहे ती शब्दांची गटवारी, योग्य ठिकाणचा थांबा आणि महत्त्वाच्या शब्दावरचा जोर. लंडनचा उच्चार त्यासाठी लागत नाही. 'हू सोल्ड द बफेलो टू माय अंकल' हे एका दमात घेऊन पुढे थांबणारा चंदगडचा शिक्षक मुलांना वाक्याची रचनाच ऐकवत असतो. खरे नुकसान न ऐकवल्याने होते. कारण मग मुले शिसपेन्सिलीने प्रत्येक इंग्रजी शब्दावर देवनागरीत उच्चार लिहून ठेवतात आणि तेच वाचतात. देवनागरी ही फार प्रामाणिक लिपी आहे. लिहिले तसे वाचायला लावते. पण तिच्यात लिहिलेल्या इंग्रजी वाक्यातला प्रत्येक शब्द सारख्याच वजनाने येतो. 'मॅन'ला जेवढे वजन, तेवढेच 'द'ला आणि 'टू'ला. इंग्रजी बोलताना हे छोटे शब्द जवळजवळ पुसले जातात आणि नाम-क्रियापदे वर उठून दिसतात. अर्थाचा सांगाडा कोणता, हे त्या उठावातूनच कळते. शिवाय जोडीला आता दुसरे आवाजही आहेत. पाठ्यपुस्तकावरचा क्यूआर कोड दीक्षा अॅपकडे नेतो. भ्रमणध्वनी एकच असला तरी वर्गाला पुरतो. शिक्षकाचा आवाज आणि ध्वनिमुद्रित आवाज, दोन्ही कानावर पडावेत.

दुसरा आक्षेप जुन्या पिढीचा आणि जास्त वजनदार आहे. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घोकून मराठी माणसाने उत्तम इंग्रजी वाचले, लिहिले. त्यांना कुठे श्रवणाचे तास होते? या आक्षेपातला पुरावा खरा आहे, निष्कर्ष अपुरा आहे. पाठमालांची ती सुरुवातीची पिढी मॅट्रिकच्या वर्गांत गणित आणि इतिहासही इंग्रजीतून शिकत होती. शाळेचा दिवस बव्हंशी इंग्रजी ऐकण्यात जात असे. त्या ऐकण्याला तास असे नाव नव्हते, पण ते होतेच. पुस्तक तेच राहिले आणि माध्यम मराठी झाले, तेव्हा कानावर पडणारे इंग्रजी आटले. मराठी माध्यम आले ते योग्यच झाले. आपल्या भाषेत विज्ञान शिकण्याचा हक्क कोणी सोडू नये. पण त्याबरोबर जे हरवले, ते इंग्रजीच्या तासात जाणीवपूर्वक परत आणावे लागेल, कारण दिवसाच्या बाकीच्या तासांत ते आता येणार नाही.

राहिला वेळेचा प्रश्न, ज्यापासून पत्राची सुरुवात झाली. तीन तासांत ८० गुण, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटे. पाठ्यपुस्तकाबाहेरचा उतारा दहा गुणांचा. त्याच्या वाट्याला साधारण साडेबावीस मिनिटे येतात. वर्गात एक उतारा घ्यायला तेवढाच वेळ धरा आणि त्यातली पहिली आठ-दहा मिनिटे कानाला द्या. पुस्तके मिटलेली असताना शिक्षकांनी उतारा एकदा वाचावा आणि तीनच गोष्टी विचाराव्यात : कोणाबद्दल आहे, कुठे घडते, शेवटी काय बदलले? मग पुस्तक उघडून दुसऱ्यांदा वाचावा; मुलांनी जिथे थांबा ऐकला तिथे पेन्सिलीने तिरकी रेघ मारावी. तिसऱ्या वेळी मुलांनी त्या रेघांवर थांबत मोठ्याने वाचावे आणि मगच लेखी कृतींना हात घालावा. दोन महिन्यांनी रेघा मारणे बंद करावे. तोवर मुले त्या मनात मारू लागलेली असतात. घरी ज्यांना इंग्रजी ऐकवणारे कोणी नाही, त्यांनी मजकूर आधीच माहीत असलेले इंग्रजी ऐकावे. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर महालक्ष्मी एक्स्प्रेसची उद्घोषणा मराठीत आणि हिंदीत झाल्यावर इंग्रजीत होते, तेव्हा गाडी, वेळ आणि फलाट आपल्याला ठाऊक असतात. कान फक्त भाषेकडे मोकळा असतो. मराठीत बघून झालेल्या सामन्याचे इंग्रजी समालोचन किंवा मराठीत ऐकलेल्या बातमीचे इंग्रजी बातमीपत्र हेच काम करते. काहीच न समजणारे इंग्रजी तासन्‌तास लावून ठेवण्याचा मात्र उपयोग नाही. समजल्याशिवाय कान तयार होत नाही.

म्हणून त्या शिक्षकांना माझे सांगणे आहे, की श्रवणाचा वेळ वीस गुणांच्या खात्यात लिहू नका. तो पाठ्यपुस्तकातल्या दोन उताऱ्यांच्या वीस आणि बाहेरच्या उताऱ्याच्या पंधरा गुणांच्या खात्यात लिहा आणि मग तो परवडतो का ते बघा. त्या पंधरातले पाच गुण सारांशाचे आहेत. पुस्तक मिटून विचारलेले ते तीन प्रश्न आठवतात ना? त्यांची उत्तरे सलग लिहिली, की सारांशाचा पहिला खर्डा तयार होतो. तो घासूनपुसून पाच गुणांच्या लायकीचा कसा करायचा, ते पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत एका उताऱ्यावर ही रीत करून पाहा, आणि ऐकून समजलेली मुले किती, वाचून समजलेली किती, याची नोंद ठेवा. पुढचा भाग त्या नोंदीवरूनच वाचायचा आहे.