बकरी ईद : पित्याची कसोटी आणि गरिबाचा वाटा

इस्लामी पंचांगातील अखेरच्या, म्हणजे जिल्हेज महिन्याच्या १० तारखेला मुस्लिम बांधव ‘ईद-उल-अजहा’, म्हणजेच बलिदानाची ईद साजरी करतात. आपल्याकडे ती ‘बकरी ईद’ या नावाने ओळखली जाते. या नावामुळे तिचा अर्थ पुष्कळदा बकरा आणि मेजवानी यांपुरताच घेतला जातो. वस्तुतः तिच्या केंद्रस्थानी आहे ती एका पित्याची कठोर कसोटी.

हा पिता म्हणजे प्रेषित इब्राहिम, अर्थात बायबलमधील अब्राहाम. कुराणाच्या ३७व्या अध्यायानुसार आपण पुत्राचे बलिदान करीत आहोत, असे स्वप्न इब्राहिम यांना पडले. त्यांनी ते पुत्राला सांगून त्याचे मत विचारले. पुत्राने ईश्वराची आज्ञा पाळण्यास संमती दिली. दोघेही शरण गेले, तेव्हा ईश्वराने पुत्राला सोडवून त्याच्या जागी दुसरा बळी दिला. कुराणात येथे पुत्राचे नाव नाही. बहुसंख्य मुस्लिम भाष्यकार त्याला इस्माईल मानतात. उत्पत्तीच्या २२व्या अध्यायात तो इसहाक आहे, आणि पित्याच्या मनातील गोष्ट त्याला आधी ठाऊक नसते.

हा सण हज यात्रेशीही जोडलेला आहे. ९ तारखेला यात्रेकरू मक्केजवळील अराफातच्या मैदानात दुपारपासून सूर्यास्तापर्यंत प्रार्थना करतात. दुसऱ्या दिवशी मीना येथे बलिदान होते. त्याच तारखेला जगभरचे मुसलमान सकाळी स्नान करून सामुदायिक नमाज अदा करतात. त्यानंतर प्रवचन होते. कुर्बानी नमाजनंतरच करावयाची असते. आधी केलेली कुर्बानी ग्राह्य धरली जात नाही. जनावर निरोगी व अव्यंग असावे लागते. हनफी परंपरेत १२ तारखेपर्यंत, तर कोकणी मुसलमान पाळतात त्या शाफई परंपरेत १३ तारखेपर्यंत कुर्बानी करता येते. चांद्रवर्ष लहान असल्याने ही ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येते.

प्रचलित रीतीनुसार मांसाचे तीन वाटे होतात : एक कुटुंबासाठी, एक आप्तेष्ट व शेजाऱ्यांसाठी, एक गरिबांसाठी. ज्या घरी एरवी मांस शिजत नाही, तेथेही त्या दिवशी चूल समाधानाने पेटते. बळीचे मांस वा रक्त ईश्वरापर्यंत पोहोचत नाही, पोहोचते ती केवळ मनातील भक्ती, असा कुराणाच्या २२व्या अध्यायाचा स्पष्ट आशय आहे. म्हणूनच देखाव्यासाठी केलेली कुर्बानी या सणाच्या हेतूलाच छेद देते.

अब्राहामाची हीच कथा ख्रिस्ती भाविक पास्काच्या जागरणविधीत ऐकतात. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात मुस्लिमांविषयी आदर व्यक्त करताना अब्राहामाच्या याच शरणागतीचा उल्लेख केला. दोन्ही धर्मांच्या आकलनात भेद आहेत आणि ते राहतील. परंतु ईदच्या दिवशी शेजारच्या घरातून वाटा आला, तर त्यामागे कोणाची आठवण आहे, हे आपल्याला ठाऊक असावे. मग ‘ईद मुबारक’ हे शब्द केवळ शिष्टाचाराचे राहणार नाहीत.