विमानाच्या काचेवर मधमाश्यांचा थवा

कोलकाता विमानतळावर १५ सप्टेंबर २०१९ रोजी आगरतळ्याला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाचे उड्डाण मधमाश्यांमुळे रखडले. विमानात १३६ प्रवासी बसलेले असताना मधमाश्यांचा मोठा थवा वैमानिक कक्षाच्या काचेवर येऊन बसला. वायपर फिरवूनही माश्या हटेनात. अखेर अग्निशमन दलाने पाण्याचा मारा करून त्यांना हुसकावले. नोव्हेंबर २०२० मध्ये याच विमानतळावर विस्तारा कंपनीच्या विमानांवरही असेच थवे बसले.

अशा थव्यांना विमानाशी काही देणेघेणे नसते. पोळ्यात दाटी झाली की जुनी राणीमाशी हजारो कामकरी माश्यांसह बाहेर पडते. नवी जागा निश्चित होईपर्यंत फांदी, भिंत, खांब, जो आधार मिळेल त्यावर थवा राणीभोवती लगडून राहतो. टेहळ्या माश्या त्या अवधीत जागेचा शोध घेत असतात. या काळात राखण्याजोगा मध नसतो, पिल्लेही नसतात. त्यामुळे न डिवचल्यास त्या सहसा डंख मारीत नाहीत आणि काही तासांत, फार तर काही दिवसांत, आपणहून निघून जातात. विमानाला तेवढी सवड नसते. घराच्या सज्जावर बसलेल्या थव्यावर मात्र पाणी किंवा धूर सोडण्याचे काही कारण नाही.